गाण्याचं अ‍ॅप विकत घ्यायचं का? आवाज, डेटा आणि मराठी गाण्यांचा हिशेब आधी समजून घ्या

महापे (नवी मुंबई) : मोबाईलवर गाणं लावलं की मध्येच जाहिरात येते, ‘प्रीमियम घ्या, दर्जेदार आवाजात ऐका’. पहिला महिना फुकट किंवा अगदी कमी पैशात असतो. पुढच्या महिन्यापासून खात्यातून पैसे कटायला लागतात. रिचार्जचा खर्च वेगळाच. अशा वेळी खेड्यापाड्यातल्या ऐकणाऱ्याला दोनच प्रश्न पडतात. पैसे भरल्यावर आवाज खरंच सुधारतो का? आणि आपल्या आवडीची मराठी गाणी, त्यातही नवी आणि न ऐकलेली, या अ‍ॅपवर सापडतात का?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर अ‍ॅपच्या नावावर कमी आणि तुमच्याकडचा फोन, हेडफोन, रेंज आणि आवड यांवर जास्त अवलंबून आहे. म्हणून पैसे भरण्याआधी हा हिशेब एकदा नीट पाहून घ्या.

गाणं येतं कुठून?

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या महापे एमआयडीसीत कंट्रोलएस या कंपनीचं डेटा सेंटर आहे. शेजारच्या रबाळे, ऐरोली भागातही अशी केंद्रं आहेत. डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक एकावर एक रचून ठेवलेली, चोवीस तास वीज आणि थंडावा लागणारी इमारत. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. त्यामुळे ही केंद्रं मुंबई-नवी मुंबईत एकवटली आहेत. महापेला लागून असलेल्या घणसोलीत रिलायन्स जिओचं मोठं संकुल आहे. जिओसावन हे अ‍ॅप त्याच घरातलं.

तुम्ही गाण्यावर बोट ठेवता, तेव्हा गाण्याची फाईल अशाच एखाद्या केंद्रातून निघते. तिथून फायबरने तुमच्या भागातल्या टॉवरपर्यंत आणि टॉवरवरून हवेतून तुमच्या फोनमध्ये येते. जास्त ऐकली जाणारी गाणी कंपन्या जवळच्या केंद्रात साठवून ठेवतात, म्हणून ती पटकन लागतात. फायबरवरचा मोठा प्रवास सेकंदाच्याही आत होतो. अडखळतं ते बहुतेक वेळा शेवटच्या दोन-चार किलोमीटरमध्ये, म्हणजे टॉवर आणि फोन यांच्यात. त्यामुळे गाणं सारखं फिरत राहिलं, तर अ‍ॅप बदलून फार फरक पडत नाही. त्यावर उपाय वेगळा आहे, तो पुढे येईलच.

केबीपीएस म्हणजे काय?

आवाजाचा दर्जा ‘केबीपीएस’मध्ये मोजतात. एका सेकंदाच्या गाण्यासाठी किती माहिती पाठवली, याचं हे माप. सीडीवर एका सेकंदाला १,४११ केबीपीएस इतकी माहिती असते. एवढी मोठी फाईल मोबाईलवर पाठवणं परवडत नाही. म्हणून कानाला सहसा जाणवत नाही असा भाग काढून टाकून फाईल लहान करतात. किती लहान करायची, यावर दर्जा ठरतो.

एक तास गाणी ऐकली तर साधारण किती डेटा जातो, ते असं :

- २४ केबीपीएस : ११ एमबी
- ९६ केबीपीएस : ४३ एमबी
- १२८ केबीपीएस : ५८ एमबी
- १६० केबीपीएस : ७२ एमबी
- २५६ केबीपीएस : ११५ एमबी
- ३२० केबीपीएस : १४४ एमबी

म्हणजे रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर ३२० केबीपीएसवरही दहा तास गाणी वाजतील. डेटा खरा खातो तो व्हिडिओ. अनेक जण यूट्यूबवर गाणं लावतात आणि फोन उलटा ठेवून नुसतं ऐकतात. तेव्हा न पाहिलेल्या चित्रासाठी कित्येक पट डेटा जात असतो. शिवाय स्क्रीन चालू राहिल्याने बॅटरीही उतरते. डेटा वाचवायचा असेल तर आधी ही सवय बदला. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा फक्त आवाज देणारं अ‍ॅप वापरा.

कोणत्या अ‍ॅपवर आवाज किती?

स्पॉटिफाय : फुकट ऐकणाऱ्याला जास्तीत जास्त १६० केबीपीएस, पैसे भरणाऱ्याला ३२० पर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने ‘लॉसलेस’ म्हणजे काहीही न काढलेला आवाजही आणला. तो वरच्या दराच्या प्लॅनमध्ये मिळतो.

यूट्यूब म्युझिक : फुकटात १२८ केबीपीएसपर्यंत, पैसे भरून २५६. फुकट वापरताना स्क्रीन बंद केली की गाणं थांबतं, ही मोठी अडचण.

जिओसावन : जाहिरातींसह फुकट ऐकता येतं. प्रो घेतलं की ३२० केबीपीएसपर्यंत आवाज आणि गाणी डाऊनलोड करण्याची सोय.

अ‍ॅपल म्युझिक : फुकटचा प्रकारच नाही, फक्त सुरुवातीची चाचणी मिळते. नेहमीचा आवाज २५६ केबीपीएस. २०२१ पासून लॉसलेस आवाज जादा पैसे न घेता दिला जातो. हे अ‍ॅप अँड्रॉइड फोनवरही चालतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. केबीपीएसचा आकडा मोठा म्हणून आवाज नक्की चांगला, असं होत नाही. लहान करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. एका पद्धतीचे २५६ आणि दुसऱ्या पद्धतीचे ३२० यांतला फरक साध्या हेडफोनवर ओळखणं फार कठीण आहे. ९६ आणि ३२० मधला फरक मात्र बऱ्याच जणांना कळतो. झांजा, टाळ, घुंगरू असे बारीक आवाज ९६ वर खरखरीत होतात.

पण कानापर्यंत पोचतं किती?

लॉसलेसचे पैसे भरले आणि ब्लूटूथ हेडफोन लावला, तर भरलेल्या पैशांतलं बरंचसं वाटेतच सांडतं. ब्लूटूथवरून आवाज जाताना फोन तो पुन्हा एकदा लहान करतो. साध्या ब्लूटूथमध्ये ही मर्यादा साधारण ३२८ केबीपीएसच्या आसपास असते. एलडीएसीसारख्या पद्धतीत ती ९९० पर्यंत जाते, पण फोन आणि हेडफोन दोन्हींत ती सोय लागते. गळ्यात अडकवायचा स्वस्त नेकबँड किंवा ट्रॅक्टरवरचा छोटा स्पीकर वापरत असाल, तर लॉसलेससाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. वायरचा बऱ्यापैकी हेडफोन एकदाच विकत घेतला, तर त्याने आवाजात पडणारा फरक महागड्या प्लॅनपेक्षा जास्त असतो.

दुसरी गोष्ट मूळ रेकॉर्डिंगची. ‘सैराट’ची (२०१६) गाणी घ्या. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. त्यात व्हायोलिनचा ताफा, मागचे तालवाद्यांचे थर वेगवेगळे ऐकू येतात. अशा गाण्यात चांगला हेडफोन आणि चांगला दर्जा यांचा उपयोग दिसतो.

याउलट ‘गीतरामायण’. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ही ५६ गीतं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाली. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात जेवढं पकडलं गेलं, तेवढंच आज ऐकू येणार. त्याची गोडी शब्दांत आणि गळ्यात आहे, ती १६० केबीपीएसवरही पुरेपूर पोचते.

आणि कॅसेटवरून काढून, कुणीतरी यूट्यूबवर चढवून, तिथून पुन्हा उतरवून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेलं गाणं? त्यावर ‘३२० एचडी’ असं लिहिलेलं असलं तरी त्याला अर्थ नाही. ताकात पाणी घालून भांडं भरता येतं, पण त्याचं पुन्हा दही होत नाही. फाईल मोठी झाली तरी गेलेला आवाज परत येत नाही.

नवं गाणं अ‍ॅप कसं सुचवतं?

अ‍ॅपला तुमची आवड सांगितलेली नसते, ते ती ताडतं. मुख्यतः तीन मार्गांनी. पहिला, तुमच्यासारखीच गाणी ऐकणारे इतर लोक आणखी काय ऐकतात ते पाहून. दुसरा, गाण्याचा ठेका, वेग, वाद्यं तपासून. तिसरा, गाण्यासोबत लिहिलेली माहिती वाचून : भाषा, गायक, प्रकार, वर्ष. स्पॉटिफायने या कामासाठी २०१४ मध्ये इको नेस्ट ही कंपनीच विकत घेतली आणि २०१५ पासून दर सोमवारी ‘डिस्कव्हर वीकली’ नावाची ३० गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली. आज सुचवणीच्या बाबतीत हे अ‍ॅप पुढे मानलं जातं ते याच कामामुळे.

पण मराठी लोकसंगीतात हे तिन्ही मार्ग अडखळतात.

लोकगीतं, कोळीगीतं, भीमगीतं, गोंधळ, भारुड यांचा ऐकणारा मोठा आहे, पण तो बराचसा यूट्यूबवर, मेमरी कार्डवर आणि लाऊडस्पीकरवर आहे. अ‍ॅपकडे त्याची नोंदच नाही. त्यामुळे ‘तुमच्यासारखे इतर लोक’ अ‍ॅपला दिसतच नाहीत, आणि ते फिरून फिरून तीच वीस-पंचवीस चित्रपटगीतं पुढे करतं.

माहितीचा घोळ त्याहून मोठा. विठ्ठल उमप हे एकच नाव रोमन अक्षरांत तीन-चार तऱ्हेने लिहिलेलं असू शकतं. प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, मिलिंद शिंदे यांच्या गाण्यांतलं भक्तिगीत कोणतं, भीमगीत कोणतं, हे फाईल चढवणाऱ्याने लिहिलंच नसेल तर अ‍ॅपला कळत नाही. एकच अभंग वीस जणांनी गायलेला असतो, आणि शोधल्यावर वर येतो तो डीजेवाला रिमिक्स.

म्हणून आज मराठीतलं नवं गाणं बऱ्याचदा आधी रील्समधून पोचतं आणि मग अ‍ॅपमध्ये शोधलं जातं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये असंच रील्समधून घराघरांत गेलं.

मग शोधायचं कुठे?

मराठी गाण्यांपुरतं बोलायचं तर प्रत्येक अ‍ॅपची बाजू वेगळी आहे.

जुने तमाशे, कीर्तन, भजनी मंडळांचं गायन, जत्रेतला गोंधळ अशा गोष्टी यूट्यूब आणि यूट्यूब म्युझिकवरच जास्त सापडतात. कारण तिथे कंपनीशिवाय साधा माणूसही चढवू शकतो. आवाजाची खात्री मात्र नाही.

जिओसावनवर सुरुवातीलाच भाषा निवडता येते. फक्त मराठी ठेवली की पहिल्या पानावर हिंदी-पंजाबीची गर्दी कमी होते. जिओचं सिम असणाऱ्याला कॉलर ट्यूनही तिथूनच लावता येते.

रोज ऐकणाऱ्याला आणि मराठीसोबत इतर संगीतही आवडणाऱ्याला स्पॉटिफायची सुचवणी जास्त उपयोगी पडते. थोडे दिवस ऐकल्याशिवाय मात्र तिची मजा कळत नाही.

जुनं मराठी भावगीत, नाट्यगीत शोधताना कंपनीचं नाव पाहा. एचएमव्हीच्या काळातला मोठा ठेवा आज सारेगामाकडे आहे. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली तेव्हा तिचा सारेगामाशी करार नव्हता. वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, गाणी काढावी लागली. २०२० मध्ये करार झाल्यावर ती तिथे आली. २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार संपल्यावर पुन्हा तेच झालं आणि अनेक लोकप्रिय गाणी काही काळ दिसेनाशी झाली. थोडक्यात, सगळी गाणी कायम एकाच अ‍ॅपवर असतील असं धरून चालू नका.

अ‍ॅपला आवड शिकवा

- सेटिंगमध्ये मराठी भाषा निवडा.
- आवडलेल्या गाण्यावर ‘लाईक’ दाबा. नको असलेलं गाणं पहिल्या अर्ध्या मिनिटातच पुढे ढकला. अ‍ॅप दोन्हींची नोंद घेतं.
- नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडून शोधून पाहा.
- गाणं सापडलं की गायकाच्या पानावर जा. तिथून ‘रेडिओ’ लावला तर जवळची गाणी येतात.
- घरात एकच फोन असेल तर आजीचे अभंग, पोराचं रॅप आणि बाळाची बडबडगीतं एकाच खात्यात मिसळतात आणि सुचवणी भरकटते. बाळाच्या गाण्यांची वेगळी यादी करा. स्पॉटिफायमध्ये अशी यादी सुचवणीतून वगळता येते. यूट्यूबवर तेवढ्या वेळेपुरती हिस्ट्री थांबवता येते.

गावातल्या शाहीर, भजनी मंडळ, बँडवाल्यांसाठीही यात धडा आहे. गाणं चढवताना कलाकाराचं नाव दरवेळी एकाच स्पेलिंगमध्ये लिहा. भाषेच्या रकान्यात मराठी भरा. प्रकार, कवी, संगीतकार लिहा. ‘नवीन धमाका डीजे साँग’ असं नाव दिलेलं गाणं हजारांच्या गर्दीत हरवतं.

डाऊनलोड केलं म्हणजे आपलं झालं का?

नाही. अ‍ॅपमध्ये डाऊनलोड केलेलं गाणं त्या अ‍ॅपच्या आतच वाजतं. पैसे भरणं थांबवलं की तेही थांबतं. अ‍ॅप बंद पडलं तर सगळं जातं. बाईटडान्सचं रेसो जानेवारी २०२४ अखेर भारतात बंद झालं. एअरटेलने २०१४ मध्ये सुरू केलेलं विंक म्युझिक बंद करत असल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं आणि ग्राहकांसाठी अ‍ॅपल म्युझिकचा पर्याय पुढे केला. गानाने २०२२ मध्ये फुकट ऐकणं बंद केलं, आणि २०२३ मध्ये रेडिओ मिर्ची चालवणाऱ्या कंपनीने ते विकत घेतलं.

म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरताना विचार करा. आवडत्या गाण्यांची, गायकांच्या नावांसह, एक साधी यादी वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये ठेवा. उद्या अ‍ॅप बदलावं लागलं तर तीच उपयोगी पडेल. मंडळाची, घरच्या कार्यक्रमाची स्वतः केलेली रेकॉर्डिंगं मात्र मेमरी कार्ड आणि पेन ड्राईव्ह अशी दोन ठिकाणी जपा. ती गेली तर कोणत्याच डेटा सेंटरमधून परत मिळणार नाहीत.

रेंज नसलेल्या भागात डाऊनलोडचा फायदा मोठा आहे. पैसे भरण्याचं तेच सगळ्यात पटणारं कारण. तालुक्याच्या ठिकाणी किंवा घरच्या वाय-फायवर गाणी उतरवून घ्या आणि शेतात, घाटात, एसटीत इंटरनेट बंद ठेवून ऐका. गाणं अडखळत नाही आणि बॅटरीही टिकते.

पैसे भरण्याआधी ही परीक्षा घ्या

१. नेहमी ऐकता ती दहा मराठी गाणी कागदावर लिहा. अ‍ॅपच्या फुकट प्रकारात किंवा चाचणीच्या काळात ती शोधा. मूळ गायकाच्या आवाजात किती सापडली ते मोजा. सात-आठच्या खाली असतील तर ते अ‍ॅप तुमच्यासाठी नाही.

२. एकच गाणं कमी आणि जास्त दर्जावर ऐका. दर्जा कोणता लावलाय हे घरातल्या दुसऱ्याला ठरवू द्या, तुम्हाला कळू देऊ नका. आवाजाची पातळी सारखी ठेवा, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. दहापैकी सात-आठ वेळा ओळखता आलं नाही, तर महाग प्लॅन नको.

३. सेटिंगमध्ये मोबाईल डेटासाठी मध्यम आणि वाय-फाय व डाऊनलोडसाठी वरचा दर्जा लावा.

४. फुकट चाचणी घेताना यूपीआय ऑटोपे सुरू होतं. चाचणी संपण्याची तारीख लिहून ठेवा. नको असेल तर आधी अ‍ॅपमधलं सबस्क्रिप्शन रद्द करा आणि मग यूपीआय अ‍ॅपच्या ऑटोपे विभागात जाऊन परवानगी काढली गेली का ते तपासा. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणं बंधनकारक आहे. तो मेसेज वाचा.

५. ‘प्रीमियम फुकट’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामवर फिरणारी एपीके फाईल टाकू नका. त्याच फोनमध्ये बँकेचे ओटीपी येतात. महिन्याची वर्गणी वाचवायला जाऊन खातं रिकामं करून घेऊ नका.

कुणी काय घ्यावं?

कधीमधी ऐकणारा, साधा नेकबँड, रेंज बरी : फुकटचं अ‍ॅप पुरे.

जुनं लोकसंगीत, कीर्तन, तमाशा ऐकणारा : यूट्यूब म्युझिक. रोज दोन-तीन तास ऐकत असाल आणि स्क्रीन बंद ठेवायची असेल तरच पैसे भरा.

रेंज कमी, प्रवास जास्त : डाऊनलोड देणारा सगळ्यात स्वस्त प्लॅन. आधी रिचार्जसोबत काही मिळतंय का ते पाहा.

वायरचा चांगला हेडफोन किंवा घरात मोठी म्युझिक सिस्टीम, आणि बारकाईने ऐकण्याची आवड : लॉसलेस देणारा प्लॅन. तोही वरची परीक्षा पास झाल्यावरच.

दर आणि सवलती वरचेवर बदलतात. त्यामुळे जाहिरातीतला आकडा न पाहता पैसे भरण्याच्या पानावरची शेवटची रक्कम पाहा आणि तिला बाराने गुणा. त्या वर्षाच्या पैशात एक चांगला हेडफोन येत असेल, तर आधी हेडफोन घ्या.